नवव्या दिवशी, पान सहा

ही गोष्ट लिहायचीच नाही, असं कुलूपवाल्याने जवळजवळ नक्की केलं होतं. एक तर तिच्यात काही घडत नाही. एक माणूस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून जुने पेपर चाळतो, मागे आई भांडी घासते आणि मधूनमधून लॅपटॉपचा पंखा घरघरतो. दुसरं म्हणजे तिच्यात तो जिवलग मित्राशी खोटं बोलतो, आणि ते त्याला नीट जमतही नाही. निदान खोटं बेमालूम जमलं असतं तर लिहायला तरी बरं वाटलं असतं. पण डोक्यातून जाईना, म्हणून शेवटी बसला.

तर, कुलूपवाल्याचं दुकान म्हणजे चपलांचं दुकान आणि टेलरचं दुकान यांच्यामधली फट. उगाच नम्रपणा नाही, फटच. आत एक स्टूल, किल्ल्या कापायचं मशीन आणि भिंतीवर शे-दोनशे कोऱ्या किल्ल्या. पाहुणा आला की कुलूपवाल्याला बाहेर उभं राहावं लागतं. शाळेशी त्याचं लवकरच फाटलं. कुलपं तो आपली आपण शिकला, म्हणजे खोलली, परत जुळवता आली नाहीत, म्हणून आणखी खोलली.

एकदा एका म्हाताऱ्या बाईंच्या तिजोरीपुढे त्याने हात टेकले. कंपनी कधीच बुडालेली, कुलूप अडून बसलेलं. कोणीतरी म्हणालं, सार्वजनिक वाचनालयात बघ. गेला. तिथल्या बाईंनी त्याला त्या कुलपाचा आतला नकाशा काढून दिलाच, वर एक कार्ड केलं आणि सांगितलं की यायचीही गरज नाही. कार्डाचा नंबर आणि चार आकडी पिन टाकला की घरबसल्या सगळं उघडतं. ऐंशी-नव्वद वर्षांचे पेपर, कोश, जुने नकाशे, कायदे, यंत्रांची माहितीपत्रकं. त्याला वाटलं, यात काहीतरी गोम आहे. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी काहीतरी फुकट देत होतं आणि ओटीपी मागत नव्हतं.

सहा महिन्यांत गल्लीभर बातमी झाली की कुलूपवाल्याला सगळं सापडतं. टेलरच्या बायकोच्या जुन्या शिलाई मशीनचं माहितीपत्रक त्याने दोन दिवसांत काढलं. चपलवाल्याला घरमालकाने सांगितलेला नियम कायद्यात कुठेच नाही, हेही त्यानेच दाखवलं. तेव्हापासून चपलवाला घरमालकाशी बोलत नाही, नुसत्या प्रिंट पाठवतो.

वाचनालयाच्या साइटवर एक खिडकी होती, 'ग्रंथपालांना विचारा'. तिथे लिहिलं की काही तासांत उत्तर येई, खाली सही 'संदर्भ कक्ष'. कुलूपवाल्याने एकदा विचारलं होतं, घरासाठी सगळ्यात भारी कुलूप कुठलं? उत्तर आलं, 'आम्ही मत देत नाही, संदर्भ देतो. सोबत चार जोडले आहेत.' हे त्याला इतकं आवडलं की आठवडाभर तो गिऱ्हाइकांनाही मत देईनासा झाला. गिऱ्हाइकांना ते आवडलं नाही.

सोमवारी टेलर फटीत डोकावला. त्याच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, रविवारी पंचाहत्तर पूर्ण होत होती. हॉल ठरला होता, बेचाळीस माणसं येणार होती आणि घरातल्या चौदा पुरुषांना टेलरने एकाच ताग्यातले शर्ट शिवले होते. आता फक्त एकच गोष्ट राहिली होती, ती कुलूपवाल्याने करायची होती.

अण्णांची आगीची गोष्ट कुलूपवाल्याला पाठ होती. गल्लीत कोणाला नव्हती? अण्णा तरुणपणी अग्निशमन दलात गाडी चालवायचे. फर्निचरच्या गोदामाला आग लागली. अण्णांनी चार मिनिटांत गाडी नेली आणि वरच्या मजल्यावर अडकलेल्या राखणदाराला खांद्यावर टाकून खाली आणलं. धूर छातीत गेला, म्हणून नोकरी सोडावी लागली आणि पुढची अठ्ठावीस वर्षं त्यांनी दुधाचा टँकर चालवला. प्रत्येक लग्नात कोणीतरी ही गोष्ट सांगायला लावायचं. अण्णा आढेवेढे घ्यायचे, मग सांगायचे. इतक्या वर्षांत चार मिनिटांची तीन झाली नाहीत, एका राखणदाराचे दोन झाले नाहीत. गोष्ट वाढत नव्हती, म्हणून सगळ्यांना खरी वाटायची.

टेलरचं म्हणणं असं की एवढी मोठी आग पेपरात आलीच असणार. ते कात्रण कुलूपवाल्याने शोधायचं, टेलर त्याचा दाराएवढा फ्लेक्स करणार आणि रविवारी अण्णांच्या हस्ते त्याच्यावरचा पडदा बाजूला सारणार. अण्णांना ताकास तूर लागू द्यायची नाही.

मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी कुलूपवाला टेबलाशी बसला. अण्णांनी महिना आणि साल नेहमीच सांगितलेलं. 'गोदाम' आणि 'आग' एवढंच टाकलं आणि पहिल्याच फटक्याला बातमी समोर. पहिलं पान, फोटोसकट. तो खूश झाला. मग त्याने ती वाचली.

गाडी वीस मिनिटं उशिरा पोचली होती. चालक रस्ता चुकला होता. गोदाम जळून खाक झालं होतं आणि वाट बघून बघून राखणदाराने वरच्या मजल्यावरून उडी मारली होती. दोन्ही पाय मोडले होते. चालकाचं नाव पूर्ण छापलं होतं, बापाच्या नावासकट.

कुलूपवाल्याने बातमी आणखी दोनदा वाचली. त्याच्या धंद्यात असं होतं कधीकधी. लोक कपाट उघडायला बोलावतात, कपाट उघडतं, आणि मग सगळे तुझ्याकडेच बघत राहतात, जणू आतलं सामान तूच ठेवलंस. आईने विचारलं, सापडलं का? तो म्हणाला, चहा कर.

दुकानात पोचला तर टेलर दारातच. कुलूपवाल्याने कुलूप काढता काढता, त्याच्याकडे पाठ करूनच सांगितलं, "सापडलं नाही."

"सापडलं नाही?" टेलर म्हणाला. "माझ्या बायकोच्या मशीनचा जन्मदाखला दोन दिवसांत सापडतो आणि एवढी आग सापडत नाही?"

"पेपर नीट स्कॅन झालेले नाहीत."

"मग मशीनचं कसं झालं?"

"ते वेगळं असतं."

टेलर थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला. गिऱ्हाईक 'माप तेच आहे' म्हणतं आणि पोट वेगळंच सांगतं, तेव्हा तो असाच बघतो. मग म्हणाला, बरं, आणखी दोन दिवस बघ. दिवसभर त्याच्या कात्रीचा आवाज भिंतीतून येत होता आणि कुलूपवाल्याला तो नेहमीपेक्षा मोठा वाटत होता.

बुधवारी दुपारी, टेलर कापड आणायला गेला होता तेव्हा, अण्णा आले. ते टेलरच्या दुकानात मागच्या बाजूला बसून बटणं लावायचे, तिथून उठून आले असणार, बोटात अंगुस्तान तसंच होतं. त्यांनी खिशातून एक किल्ली काढली आणि म्हणाले, हिची दुसरी करून दे. कुलूपवाल्याने किल्ली पाहिली. ती त्यानेच गेल्या महिन्यात कापलेली तिसरी किल्ली होती. तरी मशीनला लावली.

मशीन थांबलं तसं अण्णा म्हणाले, "सापडलं ना?"

टेलरच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे कुलूपवाल्याने धरूनच चालायला हवं होतं. त्याने मान हलवली.

"नाव आहे?"

"आहे."

"पूर्ण?"

"पूर्ण."

अण्णा स्टुलावर बसले. कुलूपवाला बाहेर उभा राहिला, कारण दोघं मावतच नाहीत. मग अण्णांनी सगळं सांगितलं, हिशेब द्यावा तसं, आवाज न चढवता. केंद्रातून दिलेल्या चिठ्ठीवर एकेचाळीस नंबर होता. ते एकेचाळीस नंबरला गेले. तिथे एक बंद शाळा होती आणि आग नव्हती. धूर दिसत होता तो रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि मधलं रेल्वेचं फाटक बंद. आपणच नंबर चुकीचा वाचला असणार, असं त्यांना तिथेच वाटलं आणि अजून वाटत होतं. चिठ्ठी परत कधी बघायला मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात नाव आलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला आणि पेपरवाल्याला सांगितलं, उद्यापासून टाकू नकोस. चौकशीचं बोलावणं आलं होतं, गेले नाहीत. उशीर झाला हे घड्याळात दिसत होतं, त्यात आणखी काय सांगायचं. महिन्याच्या आत घरही बदललं. एकदा दवाखान्यात राखणदाराला बघायला गेले होते. तो झोपला होता. अण्णांनी त्याला उठवलं नाही.

मग चार मिनिटांची गोष्ट कुठून आली, हे कुलूपवाल्याने विचारलं नाही. अण्णांनीच सांगितलं. टेलर पाच वर्षांचा असताना त्याने विचारलं, तुम्ही ती नोकरी का सोडली? पाच वर्षांच्या पोराला काय सांगणार. त्याला सांगितलं ते त्याने शाळेत सांगितलं, शाळेतून ते शेजारी गेलं, शेजारून बायकोकडे आलं, आणि बायकोने अभिमानाने त्यांच्या ताटात जास्तीचं वाढलं. त्यानंतर परत फिरायला जागाच नव्हती.

"रविवारी माझ्या हातात माइक देणार आहेत," अण्णा म्हणाले. "बेचाळीस माणसांपुढे. आता परत ते माझ्याच्याने सांगवणार नाही. आणि नाही सांगितलं तर का नाही, ते सांगावं लागेल. म्हणून शनिवारी मला ताप येणार आहे."

"किती?" कुलूपवाल्याच्या तोंडून निघून गेलं.

"हॉलमध्ये नेता येणार नाही इतका."

किल्ली खिशात टाकून ते गेले.

त्या दिवशी कुलूपवाल्याने दुकान लवकर बंद केलं. घरी येऊन साइटवरची ग्रंथपालांची खिडकी उघडली आणि लिहिलं. काय लिहावं ते कळेना, म्हणून सगळंच लिहिलं, नावं गाळून. माझ्या मित्राच्या वडिलांबद्दल वाईट बातमी सापडली आहे. मित्राला सांगू की नको? अर्ध्या तासात उत्तर आलं. 'आम्ही मत देत नाही. ही बातमी त्या घटनेची पहिली बातमी दिसते. पुढचे अंक पाहिले आहेत का? संदर्भ कक्ष.'

त्याने पाहिले नव्हते. मनातही आलं नव्हतं. सापडलं की शोधणं थांबतं, हेच त्याला ठाऊक. कुलूप उघडल्यावर कोणी पुढे उघडत बसतं का?

पुन्हा शोधशब्द टाकून पाहिले, काही येईना. मग ठरवलं, पानन् पान बघायचं. तर तिथे वाचनालयाचा नियम आडवा आला. एका कार्डावर दिवसाला वीस पानं. पेपर आठ पानांचा. अडीच अंकांत त्याचा कोटा संपला आणि स्क्रीनवर 'उद्या पुन्हा या' अशी नम्र पाटी आली. गुरुवारी सकाळी पुन्हा अडीच अंक. शहरातल्या सगळ्या भानगडी वाचून झाल्या, गोदामाचं नाव नाही. या चालीने रविवार आधी येणार, हे उघड होतं.

मग त्याने आईला सभासद केलं. घरबसल्या, दहा मिनिटांत. अडचण फक्त पिनची आली. आईने चार आकडे टाकताना कीबोर्डवर पदर धरला. तो म्हणाला, अगं, मलाच तर वापरायचंय. ती म्हणाली, कोणालाही सांगू नका असं त्यांनीच लिहिलंय, तू कोण लागून गेलास? आणि कार्ड माझं आहे, तर बघणारही मीच.

तो डोकं धरून दुकानात गेला. कारण आई कशी वाचते ते त्याला माहीत होतं. संध्याकाळी आला तर त्याची भीती खरी ठरलेली. आईला एका अंकात एक क्रमशः कथा सापडली होती. दोन जावा आणि एक गायब झालेला दीर. ती रोज सहाव्या पानावर यायची. आईने आगीबिगीचा नाद सोडून प्रत्येक अंकाचं फक्त सहावं पान उघडलं होतं, एकामागून एक. वीस पानं, वीस दिवसांची कथा.

"आई, मी काय शोधतोय आणि तू काय वाचतेस?"

"दीर बायकोला सोडून गेला नव्हता, त्याला भावानेच घालवला," आई म्हणाली. "आणि हे बघ, कथेच्या खाली आहे. हे तुझ्या टेलरच्या अण्णांचं आहे का?"

आगीनंतरचा नववा दिवस. पान सहा. वरती दोघी जावांचं चित्र, उजवीकडे हरवलेल्या छत्रीची जाहिरात आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर मजकूर. गोदामाच्या आगीची चौकशी पूर्ण झाली. आगीच्या तीन आठवडे आधी त्या रस्त्यावरचे घरनंबर उलट्या टोकापासून नव्याने दिले गेले होते. नवी यादी अग्निशमन केंद्राला पाठवलीच गेली नव्हती. चिठ्ठीवरचा नंबर नव्या यादीप्रमाणे होता, केंद्रातल्या भिंतीवरचा नकाशा जुना. चालकाने नंबर बरोबर वाचला होता, नकाशाप्रमाणे गाडी बरोबर नेली होती. चालकाचा दोष नाही.

'आग' हा शब्द मथळ्यात नव्हताच. मथळा होता, 'घरनंबरांचा घोळ'. साइट फक्त मथळे शोधते, म्हणून हे आलं नाही.

कुलूपवाल्याने ते वाचलं आणि आईला म्हणाला, तुझा पिन तुझ्याकडेच ठेव. ती म्हणाली, ठेवणारच आहे.

शुक्रवारी टेलर हॉलच्या खुर्च्या मोजायला गेला, तेव्हा कुलूपवाला प्रिंट घेऊन मागच्या बाजूला गेला. अण्णा चौदापैकी नवव्या शर्टाला बटणं लावत होते. त्यांनी आधी कागदावरची तारीख पाहिली. मग बोटांवर दिवस मोजले. मग चष्मा पुसला आणि वाचलं. मग पहिल्यापासून परत वाचलं, ओठ हलवत.

"हे खरं आहे ना? आजकाल काहीही बनवतात."

"वाचनालयातलं आहे. अख्खं पानच छापून आणलंय, बघा."

अण्णांनी अख्खं पान बघितलं. छत्रीची जाहिरातही वाचली. सुई अजून दुसऱ्या हातात होती.

"पहिल्या बातमीत नाव होतं," ते म्हणाले. "बापाच्या नावासकट."

"हो."

"इथे नुसतं 'चालक'."

"हो."

अण्णांनी कागदाची घडी केली, मग उलगडली, मग पुन्हा त्याच रेघेवर घडी केली. कुलूपवाल्याला वाटलं आता रडतील, आणि आपण काय करायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो बटणांचा डबा रंगाप्रमाणे लावत बसला. अण्णा रडले नाहीत. त्यांनी नवव्या शर्टाचं शेवटचं बटण लावलं, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाले, "एकेचाळीसच वाचला होता मी."

शनिवारी त्यांना ताप आला नाही.

रविवारी हॉलमध्ये चौदा जण एकाच रंगात फिरत होते, त्यामुळे टेलरला हाक मारली की भलताच वळून बघायचा. फ्लेक्सवर कात्रणाऐवजी टेलरने अण्णांचा टँकरसोबतचा फोटो छापला होता, वर पडदा. जेवणं झाली आणि कोणीतरी माइक आणून अण्णांच्या हातात दिला. आगीची गोष्ट, आगीची गोष्ट, असा गलका झाला.

अण्णांनी खिशातून कागद काढला आणि सांगितली. वीस मिनिटं. बंद शाळा. बंद फाटक. राखणदाराचे दोन्ही पाय. तिसऱ्या दिवशीचा राजीनामा. छातीत धूरबीर काही गेला नव्हता, मी घाबरून पळालो, हेही सांगितलं. मग नवव्या दिवशीचा मजकूर सावकाश वाचून दाखवला आणि पानाचा नंबरही सांगितला.

मग मागून अण्णांचे मेहुणे उठले, त्यांनी ती गोष्ट तीस-एक वेळा ऐकली असेल, आणि मोठ्या मायेने म्हणाले, "भावोजी, चार मिनिटं. वीस नाही."

"वीस," अण्णा म्हणाले.

मेहुण्यांनी शेजारच्या बाईंकडे बघून हळूच मान हलवली, की वय झालं आता. दोन-तीन जणांनी तशीच हलवली. एका भाचीने अण्णांना पाणी आणून दिलं. बेचाळिसांतल्या निम्म्यांनी त्या दिवशी जुनी गोष्टच घरी नेली. अण्णा पाणी प्यायले, त्यांनी माइक बंद केला आणि पोटभर जेवल्यामुळे की कशामुळे, खुर्चीत बसल्या बसल्या शांत झोपून गेले.

कुलूपवाला टेलरकडे बघत होता. टेलर फ्लेक्सच्या बाजूला उभा होता, हातात पडद्याची दोरी तशीच धरून.

सोमवारी दोघांनी दुकानं उघडली. कागद कोणी, कधी आणि कसा शोधला, ते अण्णांनी रात्री घरी सगळं सांगितलं होतं. टेलर बोलला नाही. दुपारपर्यंत नाही. मग फटीच्या तोंडाशी आला, गळ्यात टेप, आणि कुलूपवाल्याच्या चौकटीचं माप घेऊ लागला, ज्याची कोणालाच गरज नव्हती.

"मंगळवारी माहीत होतं तुला," तो चौकटीला म्हणाला.

"हो."

"बुधवारी अण्णा तुझ्याकडे आले. माझ्याकडे नाही."

"तुझ्यापासूनच तर लपवत होते. माझ्याकडे ते किल्ली करायला आले होते."

"माझ्या बापाचं सगळं तुला माहीत, तुझ्या आईला माहीत, वाचनालयातल्या त्या बाईला माहीत. आणि मी पडद्याची दोरी धरून उभा." त्याने टेप गुंडाळला. "मला राग त्यांचा नाही आला. मी पाच वर्षांचा होतो, मला दुसरं काय सांगणार होते ते. तू मला तोंडावर सांगितलंस, स्कॅन नीट नाही."

कुलूपवाला म्हणाला की त्याला वाटलं, सांगितलं तर टेलरचं मन मोडेल. टेलर म्हणाला, माझ्या मनाचं माप तू कधी घेतलंस? कुलूपवाला मशीनवरचा पितळी चुरा फुंकत राहिला.

"एक काम कर," टेलर शेवटी म्हणाला. "नाही सांगायचं तर नको सांगूस. सापडलंय पण सांगणार नाही, असं म्हण. मी तुला शिव्या देईन, चार दिवस बोलणार नाही. पण मला कळेल तरी, की काहीतरी आहे."

"बरं."

"बरं काय? नीट म्हण."

कुलूपवाल्याने मशीनचं बटण बंद केलं, म्हणजे आवाजात काही हरवायला नको.

"सापडलेलं असताना तुला कधी सापडलं नाही म्हणणार नाही," तो म्हणाला. "कोणाचंही असो. तुझं असलं तरी."